मुंबईत पसरट ज्युनिपर: चार महिने पावसात मुळं कशी जगवायची

मुंबईत ज्युनिपर, म्हणजे बारीक सुया-खवल्यांच्या पाल्याचं सदाहरित झुडूप, वाळला की सगळे ऑक्टोबरच्या उन्हाला दोष देतात. मी चेंबूर ते मुलुंड या पट्ट्यातल्या गच्च्यांवरच्या आणि बाल्कन्यांतल्या कुंड्या सांभाळायचं काम करते, आणि माझं ठाम मत आहे की हे झाड ऑक्टोबरमध्ये मरत नाही. ते जुलै-ऑगस्टमध्येच मुळाशी कुजलेलं असतं, फक्त आपल्याला ऑक्टोबरमध्ये कळतं. जास्वंदाला पाणी कमी पडलं की दुपारपर्यंत पानं माना टाकतात. तुळस दोन दिवसांत दाखवून देते. ज्युनिपरची मुळं गेली तरी पाला कित्येक आठवडे हिरवागार दिसत राहतो, आणि तो करडा-पिवळट पडायला लागतो तेव्हा उपचाराची वेळ बहुतेक टळलेली असते. म्हणून या झाडाची निगा पाल्याकडे बघून राखता येत नाही. कुंडीत खाली काय चाललंय याचा विचार आधीपासून करावा लागतो. माती, कुंडी, जागा, पाणी याबद्दल पुढे जे सांगतेय ते सगळं त्याचसाठी: पाऊस कोसळत असतानाही मुळांना हवा मिळत राहिली पाहिजे.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार असतं. हे झाड जमलं तर कित्येक वर्षं सोबत करतं. बारा महिने हिरवं, उंची गुडघ्याच्या खालीच, आणि फांद्या कुंडीच्या काठावरून खाली उतरत जातात. त्या दरवर्षी थोड्या लांबतात, खोड थोडं जाड होतं, साल सुटायला लागते. मुंबईत कुंडीतल्या फार कमी झाडांना असं म्हातारपण येतं.

कोणता ज्युनिपर

आधी झाड नक्की करून घ्या. नर्सरीत ज्युनिपर मागितला की कधीकधी मोरपंखी पुढे केली जाते. मोरपंखीचा पाला चपटा आणि उभ्या पंख्यांत वाढतो, झाड सरळ वर जातं. आपल्याला हवंय ते आडवं पसरणारं. काही जण सुरूलाही याच कुळातलं समजतात, पण अलिबाग-पालघरच्या किनाऱ्यावरचा सुरू फुलणारा वृक्ष आहे, सूचिपर्णी नाही. ज्युनिपर सायप्रसच्या कुळातला. त्याला फुलं येत नाहीत. वय झालेल्या झाडावर निळसर, मेणचट गोळ्या दिसतात त्याही खरं तर मांसल शंकू असतात. काही जातींच्या गोळ्या विषारी असतात, तेव्हा घरात लहान मूल असेल तर त्या खुडून टाका.

मुंबईसाठी जात निवडताना थंडीचा हिशोब करायचा. आपल्याकडे जानेवारीतली चांगली थंडी म्हणजे पहाटेचं १६-१७ अंश तापमान. ज्या जातींना खऱ्या गोठवणाऱ्या हिवाळ्याची विश्रांती लागते त्या इथे दोन-तीन वर्षांत थकतात. कम्युनिस आणि स्क्वामाटा या हिमालयात उंचावर वाढणाऱ्या जाती त्यातल्याच. मनाली-लेहच्या सहलीत रस्त्याकडेला ही झुडपं दिसतात, लडाखमध्ये ज्युनिपरचा पाला धूप म्हणून जाळतात त्याचा वासही मनात बसतो, आणि एखादं रोप उपटून पिशवीत घालायचा मोह होतो. नका घालू. ते तिथेच जगतं, आणि तिथल्या उघड्या डोंगरावर त्याची गरज आपल्या बाल्कनीपेक्षा जास्त आहे.

इथे टिकतात त्या चायनेन्सिस गटातल्या पसरट जाती. त्यातल्या त्यात पार्सन्स नावाची जात दमट उष्णता चांगली सोसते. प्रोकम्बेन्स ही जपानी जात आणि तिचा नाना हा बुटका प्रकार बोन्सायवाल्यांच्या आवडीचा. तो मुंबईत जमतो, पण पावसात जास्त लक्ष मागतो. तिसरी जात कॉन्फर्टा. ही मुळात जपानच्या समुद्रकाठच्या वाळूत वाढणारी, त्यामुळे खारा वारा झेलते. वरळी, वांद्रे, वर्सोव्यात समुद्राकडे तोंड असलेली बाल्कनी असेल आणि ही मिळाली तर हीच घ्या. नर्सरीत बऱ्याचदा नुसतं प्रोस्ट्राटा एवढंच सांगतात. त्याचा अर्थ पसरट, जात त्यावरून कळत नाही. तरी नवी वाढ जोमदार असलेलं, इथल्या हवेत निदान एक पावसाळा काढलेलं रोप मिळालं तर नावाचा फार आग्रह धरू नका.

कधी आणि कसं विकत घ्यायचं

नोव्हेंबर ते जानेवारी. जूनमध्ये सगळ्यांनाच झाडं लावायचा उत्साह येतो, आणि ज्युनिपरसाठी तो सगळ्यात वाईट महिना आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं ते हिवाळ्याच्या शेवटी. ते बघायला जाल तेव्हा तिथल्या कुंड्यांतली झाडंही नीट पाहून घ्या, निरोगी पाला कसा दिसतो ते डोळ्यांत बसतं. पुण्याकडे जाणं होत असेल तर उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमध्ये निवड भरपूर असते. मात्र तिथून आणलेल्या रोपाला मुंबईची दमट हवा अंगवळणी पडायला एक हिवाळा द्या.

रोप हातात घेतल्यावर शेंड्यांकडे बघा. नवे शेंडे बाकीच्या पाल्यापेक्षा फिकट आणि ताजे दिसले पाहिजेत. सगळा पाला एकसारखा गडद, निस्तेज असेल तर वाढ थांबलेली आहे. फांद्या बाजूला करून आत पाहिलं तर खोडाजवळचा थोडा पाला तपकिरी दिसेल, तो जुना झालेला असतो, त्याची काळजी नको. एखाद्या फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओला हिरवा रंग दिसला पाहिजे. शेवटी पिशवी उचलून तळाच्या भोकांचा वास घ्या. आंबट, गटारासारखा वास आला तर कितीही सुंदर रोप असलं तरी परत ठेवा.

आणि टेबलावर ठेवायला म्हणून भेट मिळणारं ज्युनिपरचं बोन्साय घरात ठेवायचं नसतं. एसीच्या खोलीत ते महिन्या-दोन महिन्यांत मरतं, फक्त दिसत नाही. भेट मिळालं त्याच दिवशी बाहेर न्या.

जागा

रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन. मुंबईत यासाठी बाल्कनीची दिशा नीट समजून घ्यावी लागते. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. १५ मे आणि २८ जुलैच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेकडच्या बाल्कनीत डिसेंबरमध्ये ऊन थेट दिवाणखान्यापर्यंत येतं आणि मे-जूनमध्ये जवळजवळ येतच नाही. डिसेंबरमध्ये जागा बघून झाड ठेवलं आणि पुढे ते लांबोडं, विरळ झालं, असं दक्षिण बाल्कनीत हमखास होतं.

पूर्वेची बाल्कनी सगळ्यात उत्तम, वर्षभर सकाळचं ऊन मिळतं. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये भिंत आणि फरशी तापते. तिथे झाडाला सावली करू नका, कुंडीला करा. समोर दुसऱ्या कुंड्यांची ओळ लावली की पुरे. पाल्याला ऊन सोसतं, भाजलेल्या कुंडीतली मुळं सोसत नाहीत. उत्तरेची बाल्कनी असेल तर दुसरं झाड निवडा, मनाची समजूत घालत बसू नका. ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर कुंडी आतल्या बाजूला, तारेने बांधून. खालून माणसं चालतात.

कुंडी आणि माती

कुंडी उथळ नको आणि फार खोलही नको. बारा-चौदा इंच रुंद, सात-आठ इंच खोल, मातीची. धारावीच्या कुंभारवाड्यात अशा पसरट कुंड्या मिळतात. घेताना तळाचं भोक बघा. अंगठा जाईल एवढं मोठं भोक हवं, किंवा तशी दोन-तीन. चकचकीत रंग दिलेली कुंडी नको, रंगाने मातीची सच्छिद्रता बंद होते.

आता माती. मुंबईत नर्सरीत गोणीने मिळणारी लाल माती एकटी वापरली तर ज्युनिपर जगणार नाही. ती वाळली की घट्ट होते, भिजली की चिकट, आणि दोन्ही वेळा तिच्यात हवा शिरत नाही. माझं प्रमाण असं: पाच घमेली विटांचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू, दोन घमेली लाल माती, दोन घमेली जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि एक घमेलं नारळाच्या सोडणाचे तुकडे. कोकोपीट नको, ते फार पाणी धरून ठेवतं.

विटांचे तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे करायचे आणि चाळून त्यातली पूड पूर्ण काढून टाकायची. हे चाळणं कंटाळवाणं आहे, पण सगळी गोम त्यातच आहे. पूड राहिली तर ती पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते आणि भोक बंद करते. बांधकामाच्या ढिगातल्या विटा घेतल्या तर सिमेंट चिकटलेले तुकडे बाजूला काढा. वाळू घ्यायची तर नदीची किंवा खडीचा जाड, धुतलेला कच. खाडीची रेती खारट असते, ती अजिबात नको.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ज्युनिपरच्या कुंडीत तो घालू नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून बसतं, आणि मुळं असतात त्याच उंचीवर चिखल होतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा. भरून झाल्यावर मगभर पाणी ओता. काही सेकंदांत ते खालून बाहेर पडायला लागलं पाहिजे. वर तळं साचून राहिलं तर पुन्हा चाळायला बसा.

नर्सरीतून आलेल्या रोपाचा गोळा बहुतेक वेळा चिकट मातीचा असतो. तो तसाच नव्या मिश्रणात ठेवला तर पाणी बाजूने निघून जातं आणि गोळा आत कोरडा राहतो, किंवा पावसात उलट, महिनोन्महिने ओला. पण सगळी माती धुऊन मुळं उघडी करायची नाहीत, ज्युनिपर ते सहन करत नाही. एका हिवाळ्यात एका बाजूची माती बांबूच्या काडीने हळूहळू मोकळी करायची, दुसरी बाजू पुढच्या हिवाळ्यात. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं कापू नका. कुंडी बदलायच्या वर्षी छाटणी टाळा, झाडाला एका वेळी एकच धक्का. नंतर दोन-तीन आठवडे उजेडाच्या सावलीत ठेवायचं.

पाणी आणि खत

वेळापत्रक ठेवू नका. बांबूची काडी मातीत दोन इंच खोचून ठेवा आणि काढून बघा. ओली, गडद निघाली तर पाणी नको. जेमतेम दमट असेल तर द्या, आणि देताना तळातून वाहेपर्यंत द्या. रोज थोडंथोडं शिंपडणं वाईट. मे महिन्यात या मिश्रणाला रोज सकाळी पाणी लागेल, डिसेंबरमध्ये दोन-तीन दिवसांनी. पूर्ण कोरडी मात्र कधीच पडू द्यायची नाही. जास्वंद कोमेजून पुन्हा उभी राहते, ज्युनिपर राहत नाही.

खताची भूक कमी. ऑक्टोबर ते एप्रिल दर दोन महिन्यांनी मूठभर कडुलिंबाची पेंड किंवा गांडूळखत पुरतं. पावसात काही नाही.

पावसाळा

चेंबूरला माझ्याकडे एक काका आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. पहिल्या सरीला ते दरवर्षी म्हणतात, "ताई, आता झाडांना बरं वाटेल." आणि मी दरवर्षी म्हणते, "काका, बाकीच्यांना वाटेल, याला आत घ्या." सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना श्वास घेता येत नाही, ती दुबळी होतात आणि मूळकूज करणारी बुरशी त्यांत शिरते.

तयारी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात करायची. पहिलं काम, झाडाच्या पोटातला सगळा सुका पाला हाताने काढायचा. हातमोजे घाला, पाला टोचतो आणि काहींच्या हाताला खाज सुटते. दाटीत आत वाढलेल्या, उजेड न मिळणाऱ्या बारीक फांद्याही काढा, म्हणजे वारा आरपार जाईल. दुसरं, कुंडीखालच्या बश्या उचलून कपाटात टाका आणि कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवा. गच्चीवर असाल तर याने पाण्याची वाट मोकळी राहते आणि वॉटरप्रूफिंगवरून सोसायटीशी वादही होत नाही. तिसरं, मातीत ट्रायकोडर्मा (मूळकूज करणाऱ्या बुरशीला आवर घालणारी उपकारक बुरशी) घाला, तो शेणखतात मिसळून वरच्या थरात दिला की चांगला रुजतो.

मग छप्पर. मेअखेर सगळ्या मुंबईवर निळी ताडपत्री चढते आणि लोक त्याच ताडपत्रीखाली झाडंही सरकवतात. ज्युनिपरला त्या अंधारात चार महिने काढता येत नाहीत. वरून पारदर्शक पत्रा किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक, आणि चारही बाजू उघड्या, असंच हवं. छप्पर करणं शक्यच नसेल तर कुंडी एका बाजूला पाचर लावून तिरकी ठेवा. तिरक्या कुंडीतून पाणी जास्त निथळतं. दर आठवड्याला कुंडी फिरवून कल बदलायचा.

छपराखाली ठेवलेल्या झाडाला पावसाळ्यातही पाणी द्यावं लागतं, हे सगळे विसरतात. ऑगस्टमध्ये पाऊस उघडीप घेतो तेव्हा तर हमखास. काडी तपासत राहा.

या दिवसांत शेंडे टोकापासून मागे तपकिरी, मग राखाडी होत आले आणि मेलेल्या व जिवंत भागाच्या सांध्याशी बारीक काळे ठिपके दिसले, तर तो शेंडे करपण्याचा बुरशीजन्य रोग. उघडीप बघून, पाला कोरडा असताना, हिरव्या भागापर्यंत कापा. दर कापणीनंतर कात्री स्पिरिटने पुसा, कापलेलं कुंडीत टाकू नका. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात पाल्यावर फवारा. फवारताना माती प्लास्टिकने झाका, कारण तांबं ट्रायकोडर्मालाही बाधू शकतं.

शेंडे ठीक, पण संपूर्ण झाडाचा रंग उतरलाय आणि माती ओली असूनही झाड मलूल वाटतंय, तर गोळा बाहेर काढून मुळं बघा. पांढरी किंवा फिकट तपकिरी, टणक मुळं म्हणजे ठीक. काळी, बोटात चिरडणारी मुळं कापून टाका, झाड कोरड्याशा, अधिक भरड मिश्रणात लावा आणि उन्हाआड ठेवा. अर्ध्याहून अधिक मुळं चांगली असतील तर आशा धरा.

पाऊस संपल्यावर झाड एकदम ऑक्टोबरच्या उन्हात काढू नका. आधी आठवडाभर सकाळचं ऊन, मग हळूहळू वाढवा.

कोळी, धूळ, खारं वारं

मार्च ते मे या काळात लाल कोळी (पाल्यातला रस शोषणारी अगदी बारीक कीड) येतो. पाला फिकट, धुरकट दिसतो, लक्षपूर्वक पाहिलं तर बारीक जाळं. खात्री करायला फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर पडलेले कण चालायला लागले की कोळी आहेच. सकाळी पाण्याची जोरदार धार पाल्याच्या खालून मारा, असं तीन-चार दिवसांआड महिनाभर. एवढ्याने बहुतेक वेळा आटोक्यात येतो. नाहीच आला तर कडुलिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घुसळून, संध्याकाळी फवारा. शेजारी इमारत पाडून नवी चढत असेल तर सिमेंटची धूळ पाल्यावर बसते, आणि समुद्राजवळ मीठ. दोन्हीला हीच धार.

छाटणी

एकच नियम पाठ करा: ज्या फांदीवर हिरवं उरणार नाही तिथे कापायचं नाही. उघड्या जुन्या लाकडातून ज्युनिपर नवी पालवी काढत नाही. लांबलेली फांदी तिच्या एखाद्या बाजूच्या फाट्यापर्यंत मागे घ्या, म्हणजे कापलेली जागा त्या फाट्याखाली लपते. कुंपण कातरायची मोठी कात्री वरून फिरवली तर कापलेली टोकं तपकिरी होतात आणि झाड आठवडाभरात आजारी दिसायला लागतं. एका हिवाळ्यात चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त पाला काढू नका. चायनेन्सिस गटातली झाडं जास्त छाटणीनंतर मऊ खवल्यांऐवजी टोचऱ्या सुयांचा बालपणीचा पाला काढतात. तो रोग नाही, दोन-एक वर्षांत झाड पुन्हा स्वतःच्या पाल्यावर येतं.

एकाची दोन

कलमासाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठ-दहा सेंटिमीटरचे फाटे मूळ फांदीच्या सालीच्या टाचेसकट ओढून घेता येतात, मूळ फुटायची पावडर लावून जाड वाळूत खोचता येतात, आणि दोन-तीन महिन्यांनी काहींना मुळं येतात. पण पसरट ज्युनिपरसाठी मला दाब कलम जास्त खात्रीचं वाटतं, कारण जमिनीला टेकलेल्या फांदीला मुळं फोडणं हा त्याचा स्वभावच आहे. शेजारी तेच मिश्रण भरलेली छोटी कुंडी ठेवा. खालची एक लांब फांदी निवडा, मधला वीतभर भाग पाला काढून मोकळा करा, खालच्या बाजूची साल अंगठ्याच्या नखाएवढी खरवडा आणि वाकवलेल्या तारेने तो भाग मातीत दाबून ठेवा. शेंडा बाहेर, उन्हात. नोव्हेंबरमध्ये दाबलेली फांदी पुढच्या नोव्हेंबरपर्यंत हलवू नका, पावसाळ्यात दोन्ही कुंड्या एकत्रच छपराखाली न्या. मग तार काढून फांदी किंचित वर ओढून बघा. माती धरून ठेवत असेल तर आईच्या बाजूने कापा, आणि नवं रोप दोन-तीन आठवडे उजेडाच्या सावलीत ठेवून मग पूर्वेच्या उन्हात न्या.